मॉडेल म्हणजे जीवच ना?



माझा पुतण्या एम. फार्म. करतोय. परवा सूर्यास्ताआधी जेवायला बसलो, तेव्हा म्हणाला, "काकू, आमच्याकडे लिव्हर फेल्युअरचं ॲनिमल मॉडेल तयार करतायत." मला वाटलं, प्लॅस्टिकचं काही असेल. मग त्याने सांगितलं. उंदराला गॅलॅक्टोसामाइन टोचायचं किंवा पोट उघडून यकृताचा मोठा भाग कापायचा, आणि उरलेलं कसं निकामी होतं ते बघायचं. त्या उंदराचं नाव मॉडेल! माझा घास हातातच राहिला.

यकृताचं दुखणं मला परकं नाही. याच मुलाचे वडील, म्हणजे माझे धाकटे दीर, हिपॅटायटिस बी मुळे अगदी टोकाला गेले होते. जाऊबाईंनी आपल्या यकृताचा भाग दिला म्हणून आज ते आहेत. प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया डॉक्टर आधी कुत्र्यांवर शिकले, हेही मला ठाऊक आहे. ते ऋण मी नाकारत नाही. पण बी.कॉम. झालेली बाई आहे, हिशेब मागणारच.

१९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हिपॅटायटिस बी च्या १५ रुग्णांवर फियालुरिडिन हे औषध तपासत होते. आधी प्राण्यांवर चाचण्या झाल्या होत्या, धोका दिसला नव्हता. रुग्णांपैकी सात जणांचं यकृत निकामी झालं. पाच जण गेले, दोघं प्रत्यारोपणामुळे वाचले. म्हणजे प्राण्यांचे जीव खर्ची पडले आणि माणसंही वाचली नाहीत.

"म्हणूनच तर चांगलं मॉडेल हवं," असं पुतण्या म्हणाला. त्याचंही खरं आहे. पुढे माणसाच्या यकृतपेशी वाढवलेल्या उंदरांत तो धोका दिसला. पण बाळा, खरं जर माणसाच्या पेशी सांगतात, तर मध्ये उंदीर कशाला? २०२२ मध्ये माणसाच्या पेशींच्या 'लिव्हर-चिप'वर २७ औषधं तपासली. यकृताला घातक असलेल्यांपैकी ८७ टक्के ओळखली आणि निर्दोष औषधावर आळ घेतला नाही. अभ्यास चिप बनवणाऱ्या कंपनीचाच होता, म्हणून त्याचंही ऑडिट व्हावं. पण दार उघडलंय. आपल्या सरकारनेही २०२३ मध्ये औषधचाचणीच्या नियमांत अशा पद्धतींना जागा दिली.

आपल्याकडे हिंसा चार प्रकारची सांगितली आहे: आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. गृहस्थाला पहिल्या तीन पूर्ण टळत नाहीत, चौथी मात्र टाळायचीच. दुसरी वाट नव्हती तोवर प्रयोगशाळेने 'उद्योगी' म्हणून मनाची समजूत घातली असेल. वाट दिसत असताना केवळ सवयीने नवं मॉडेल उभं करायचं, तर ती संकल्पीच.

आणि आपण? पाणी गाळून पितो, मुंगी पायाखाली येऊ देत नाही, पण गोळी गिळताना कधी प्रश्न विचारत नाही.

प्राण्यांवर प्रयोग करायचे तर संस्थेच्या नैतिक समितीकडे अर्ज करावा लागतो. पर्याय का चालणार नाही, हे त्यात लिहावं लागतं. पुतण्याला एवढंच म्हटलं, "तो रकाना मागच्या अर्जावरून उतरवू नकोस. आधी शोध, मग लिही. आणि प्रयोग फसला तर तेही छापा, म्हणजे दुसरा कुणी पुन्हा तेच उंदीर मारणार नाही."

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "गाइडना विचारतो, काकू."

विचारलं की नाही, ते मी पुढच्या रविवारी विचारणार आहे.