भूत उभं करणारी माणसं

महाबळेश्वरचं सरकारी विश्रामगृह, चाळीस दिवस आणि साडेतीन लाख रुपये. एवढ्या भांडवलावर रामसे बंधूंनी ‘दो गज जमीन के नीचे’ पुरा केला आणि १९७२ साली तो पडद्यावर आला. कुमार लिहायचे, गंगू कॅमेरा चालवायचे, किरण ध्वनी बघायचे, अर्जुन संकलन करायचे, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करायचे. केशू कॅमेऱ्याला हात लावायचे आणि निर्मितीचा हिशेबही ठेवायचे. घरातल्या बायका बरोबर होत्या, कारण युनिटच्या जेवणाचा भार त्यांच्यावर होता. सात भाऊ, वडील, आई, सुना असं अख्खं घर डोंगरावर जाऊन भूत उभं करत होतं.

तुलसी २०१८ मध्ये गेले, श्याम २०१९ मध्ये आणि गंगू एप्रिल २०२४ मध्ये. प्रत्येक वेळी ‘पुराना मंदिर’, ‘वीराना’ ही नावं पुन्हा छापून आली, आणि त्या काळातल्या प्रेक्षकांनी लहानपणी चादरीआडून पाहिलेल्या रात्री आठवल्या. ती रात्र उजळवली कोणी आणि कशी, याबद्दल मात्र फारसं कुठे वाचायला मिळालं नाही. गंगू रामसे छायालेखक होते. त्यांच्या चित्रपटांतला तो निळा-हिरवा अंधार, धुक्यातून मागून येणारा उजेड, खालून उजळलेला चेहरा हे त्यांच्या हातचं काम. थोड्या दिव्यांत मोठी हवेली उभी करायची, तर कुठला कोपरा काळा सोडायचा हे आधी ठरवावं लागतं. काळा कोपरा फुकट मिळतो, पण तो नेमका कुठे हवा हे कळायला अनुभव लागतो.

हा अनुभव त्यांच्याकडे आपोआप आलेला नव्हता. वडील फतेहचंद रामसिंघानी हे कराचीतले रेडिओचे दुकानदार. फाळणीनंतर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर त्यांनी पुन्हा दुकान थाटलं आणि तिथून चित्रपटात शिरले. सुरुवातीचे प्रयत्न फसले. ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हाही पडला, पण त्यातल्या एका दृश्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करायला येतात, तेवढ्यापुरतं प्रेक्षागृह दचकतं, हे मुलांनी थिएटरात बसून पाहिलं. तिथून भयपटाची वाट सापडली. त्याआधी वडिलांनी मुलांना काश्मीरमध्ये हाउसबोटीवर नेऊन बसवलं होतं आणि छायालेखनावरचं जोसेफ मास्चेली यांचं पुस्तक त्यांच्याकडून वाचून घेतलं होतं. चित्रपट संस्थेत न गेलेल्या सात मुलांची ती शाळा. ‘बी ग्रेड’ हे दोन शब्द उच्चारले की आपण ही सगळी मेहनत एका फटक्यात पुसून टाकतो, आणि हे आम्हाला फार खुपतं.

‘पुराना मंदिर’मधला सामरी आठवतो? उंच, हाडकुळा, नजर रोखली की अंगावर काटा आणणारा. ती भूमिका केली अनिरुद्ध अग्रवाल यांनी, आणि श्रेयनामावलीत नाव होतं अजय अग्रवाल. रुरकीला अभियांत्रिकी शिकलेला हा माणूस. पुढे ‘बँडिट क्वीन’मध्ये त्यांनी बाबू गुज्जर केला. पण लोकांच्या तोंडी राहिला तो सामरीच. मेकअपच्या थराखाली तासन्‌तास बसायचं, जड पेहराव सांभाळायचा, संवाद जवळजवळ नाहीत, म्हणजे आवाजाचाही आधार नाही. चाल, खांदे आणि डोळे एवढ्यावर माणसांना घाबरवायचं. याला अभिनय म्हणायचं की नाही, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी सामरीची चाल एकदा नीट बघावी.

मराठीतलं उदाहरण तर घराघरात आहे. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’तला (१९९३) तात्या विंचू हा रामदास पाध्ये यांनी घडवलेला आणि त्यांच्याच हातांनी हललेला बाहुला. माणूस तात्या विंचू दिलीप प्रभावळकरांनी रंगवला आणि बाहुल्याला आवाजही त्यांनीच दिला. संगणकाच्या करामती तेव्हा मराठी निर्मात्याच्या आवाक्यात नव्हत्या. बाहुल्याची मान वळली, डोळे फिरले, हात उचलला गेला की फ्रेमच्या बाहेर कुणीतरी दबा धरून बसलेलं असायचं. वडील य. के. पाध्ये यांच्यापासून चालत आलेली शब्दभ्रमाची आणि बोलक्या बाहुल्यांची विद्या त्या हातांत होती. लक्ष्मीकांत बेर्डे एका निर्जीव वस्तूला घाबरून पळतात आणि ती घबराट आपल्याला खरी वाटते, यात बेर्ड्यांच्या जोडीने त्या न दिसणाऱ्या हातांचाही वाटा आहे.

२०१७ चा ‘लपाछपी’ घ्या. विशाल फुरिया यांनी आपली सगळी भीती उसाच्या फडात ठेवली. गरोदर नेहा (पूजा सावंत), कर्जबाजारीपणामुळे शहरातून पळालेला तिचा नवरा तुषार (विक्रम गायकवाड), आडवळणाचं घर, घरातली तुळसाबाई. बंगला नाही, स्मशान नाही. रात्री उसाला पाणी धरायला गेलेल्या माणसाला विचारा. फडात दोन हातांपलीकडचं दिसत नाही आणि वाळलेलं पाचट वाऱ्यानेही वाजतं, बिबट्याच्या पावलानेही वाजतं. जुन्नरकडच्या घरांत ही भीती चित्रपटाच्या आधीपासून राहते आहे. स्त्रीभ्रूणहत्येची गोष्ट त्याच फडात आणून ठेवल्यामुळे भूत कुठून आलं हे वेगळं सांगावं लागत नाही.

तुळसाबाई केली उषा नाईक यांनी. अनेक वर्षं मराठी पडद्यावर वावरलेल्या या अभिनेत्रीला ‘एक हजाराची नोट’मधल्या बुढीने उशिरा का होईना, पण मध्यभागी आणलं होतं. ‘लपाछपी’त त्या आवाज चढवत नाहीत. सुनेला जेवायला वाढावं तशा मायेने बोलतात आणि त्या मायेतच गारठा असतो. गर्भारपणात आपलीच माणसं किती जवळ येऊन बसतात, याची भीती त्यांनी दाखवली. हा चित्रपट पेलला तो पूजा सावंत आणि उषा नाईक या दोघींनी.

२०२१ मध्ये फुरियांनीच तो हिंदीत केला. ‘छोरी’त नुसरत भरुचा आणि मीता वशिष्ठ आल्या, ऊस राहिला, पैसा वाढला आणि चित्रपट ओटीटीवरून देशभर गेला. दिग्दर्शकाला आपली गोष्ट मोठ्या वर्तुळात न्यायचा पूर्ण हक्क आहे, मीता वशिष्ठ यांचं कामही त्यांचं स्वतःचं आहे. पण कथा आणि दिग्दर्शक पुढे जातात तेव्हा ती भीती पहिल्यांदा ज्यांनी शोधली ती माणसं मागे राहतात. तुळसाबाईचा सूर कुठे धरायचा हे आधी कुणालाच माहीत नव्हतं. पाचटाचा आवाज किती वाजवायचा आणि कुठे गप्प बसायचं, हेही नव्हतं.

कमी पैशांच्या भयपटात या कामाचं वजन आणखी वाढतं. अशा चित्रपटात रात्रीचं शूट टाळता येत नाही. लाइटमन संध्याकाळी केबल अंथरतो आणि उजाडताना गुंडाळतो. जनरेटरच्या घरघरीमुळे जागेवर घेतलेला आवाज पुष्कळदा वापरता येत नाही. मग स्टुडिओत फोली कलाकार दार करकरवतो, माती तुडवतो, पाला चुरगाळतो. प्रेक्षक खुर्चीत मागे सरकतो तो बहुधा या आवाजाने, कारण भूत अजून दिसलेलंच नसतं. मेकअपदादा जखम रंगवतो आणि पुढच्या आठवड्यात तीच जखम, त्याच जागी, तेवढीच ओली पुन्हा रंगवतो. आणि आम्ही वृत्तपत्रवाले समीक्षणाच्या शेवटी ‘तांत्रिक बाजू चांगली’ एवढं लिहून मोकळे होतो. ही आमचीही चूक आहे.

श्रेयनामावली वर सरकू लागते तोवर थिएटरातले दिवे लागलेले असतात. ओटीटीवर ती नावं एका कोपऱ्यात आक्रसतात आणि पुढचा चित्रपट सुरू होतो. दिवे दोन मिनिटं उशिरा लावायला थिएटरला पैसे पडत नाहीत. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथे फिल्मची रिळं, पोस्टरं, छायाचित्रं जपली जातात. त्याच निष्ठेने भयपटांच्या लाइटमनच्या, मेकअपवाल्यांच्या, फोली कलाकारांच्या, भुताचा पोशाख चढवून उभ्या राहिलेल्या नटांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित व्हायला हव्यात. अमुक प्रसंगात दिवा कुठे लावला होता, बाहुल्याची मान कशी वळवली, फडात वाजलेलं पाचट खरं होतं की स्टुडिओतलं, असे साधे प्रश्न विचारावेत आणि उत्तरं तारखेसकट लिहून ठेवावीत. गंगू रामसेंना हे विचारायची वेळ निघून गेली आहे. ‘लपाछपी’च्या युनिटला अजून विचारता येईल.