आठ रुपयांचे मत



बारामती-इंदापूरची निवडणूक म्हटली की वर्तमानपत्रांना उधाण येते. 1967 पासून कोण आला, कोण पडला, कोणी कोणाला पाडले, हे पारावर बसणाऱ्याला तोंडपाठ असते. त्याच्या आधीचा एक मतदारसंघ मात्र आपण साफ विसरलो. इंग्रजी अमलात मुंबई प्रांताच्या कायदेमंडळासाठी जिल्ह्याच्या पूर्व भागाचा 'पुणे पूर्व' नावाचा मतदारसंघ होता. 1937 आणि 1946 साली त्यात निवडणुका झाल्या. तिथून कोण निवडून गेले ते सोडा. मत कोणाला होते ते बघा.

1919 च्या कायद्याने आपल्याकडच्या खेड्यात मत मिळायचे ते 32 रुपये आकाराची जमीन असणाऱ्याला. 1935 च्या कायद्याने ही अट 8 रुपयांवर आणली आणि साहेबाने मोठे औदार्य केल्याचा आव आणला. हिशेब सोपा आहे. जिरायत रानाला एकरी आठ आणे आकार धरला, तर 32 रुपयांना 64 एकर लागतात, 8 रुपयांना 16 एकर. रान हलके, आकार चार आणे, तर 32 एकर. म्हणजे ज्याची जमीन जितकी नापीक तितके त्याचे मत महाग! पाच एकर जिरायतीचा धनी बाहेर, मजूर तर मोजदादीतच नाही. सावकाराची अडचण नव्हती. तो इन्कम टॅक्स भरत असला की त्याचे मत पक्के. मॅट्रिक झालेल्यालाही मत. बाईला मिळायचे ते बहुधा नवऱ्याच्या मिळकतीवर किंवा अक्षरओळखीवर. घाम गाळण्यावर मत कोणालाच नव्हते.

आणि हा आकाराचा गज आला कुठून? आपल्याच रानातून. 1830 च्या सुमारास प्रिंगल नावाच्या साहेबाने असा सारा बसवला की इंदापूरची माणसे बैलबारदाना घेऊन निजामाच्या मुलखात गेली, गावे ओस पडली. तेव्हा कुठे 1836 साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यात नवी आकारणी केली, सारा उतरवला आणि तीस वर्षांसाठी कायम केला. मुंबई इलाख्याची रयतवारी आकारणी इथूनच पसरली. तीस वर्षे भरताच सरकारने सारा पुन्हा चढवला. पुढे भाव पडले, कर्ज वाढले आणि 1875 च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात सावकारांचे कागद जळाले. ते सुपे आज बारामती तालुक्यात आहे. ज्या गजाने आपल्याला लुटले, त्याच गजाने पुढे आपले मत मोजले.

आता मुद्द्यावर येतो. 1937 साली जे कायदेमंडळ या आठ रुपयांच्या मतावर निवडून आले, त्यानेच 1939 साली शेतमाल बाजाराचा कायदा केला. बाजार समितीचे मूळ तिथे आहे. हेतू चांगला होता हे मान्य. आडत्याची काटामारी, रुमालाखालचे भाव, मनमानी कटती यांना आळा घालायचा होता. पण समिती कोणी निवडायची, हा प्रश्न शेतकऱ्याच्या डोक्यावरूनच गेला. 1952 च्या निवडणुकीत प्रौढ मताधिकार आला, 'पुणे पूर्व' इतिहासजमा झाला, इंदापुरातून शंकरराव पाटील आमदार झाले. भूमिहीनालाही मत मिळाले. वाटले, सुटलो. विधानसभेपुरते सुटलोही. बाजार समितीत आपण 'पुणे पूर्व'मध्येच राहिलो.

समितीचे संचालक 18. त्यांपैकी 11 सोसायट्यांच्या पंचांनी निवडायचे, 4 ग्रामपंचायत सदस्यांनी, 2 व्यापाऱ्यांनी, 1 हमाल-तोलणाऱ्यांनी. व्यापारी स्वतः मत देतो. हमाल स्वतः मत देतो, आणि दिलेच पाहिजे, तो कष्टाचा धनी आहे. फक्त ज्याच्या मालावर हा सगळा बाजार उभा आहे, त्याच्या वतीने दुसरा कोणी मत देतो. गावात सोसायटीचे पंच किती? बोटावर मोजण्याएवढे. एवढी माणसे गाडीत घालून सहलीला नेली की निवडणूक आटोपली! हजारो शेतकऱ्यांना सहलीला कोण नेणार? थेट मताची भीती आहे ती याच्यामुळे.

2017 साली कायदा बदलला. 10 आर जमीन आणि पाच वर्षांत तीन वेळा समितीत माल विकलेला, अशा शेतकऱ्याला थेट मत मिळाले. शेजारच्या सोलापुरात 2018 साली त्याप्रमाणे निवडणूक झालीही. 2020 साली सरकार बदलल्यावर ते मत काढून घेतले. कारण काय, तर खर्च फार! आपल्या मालाच्या उलाढालीवर गाळे बांधायला, कमानी उभारायला पैसा आहे, मतपेटीला नाही. त्यानंतर आलेल्या सरकारने 2023 च्या निवडणुकांसाठी आणखी गंमत केली. शेतकऱ्याला उभे राहायची मुभा दिली, मत द्यायची नाही. नवरदेवाने घोड्यावर बसावे, अक्षता दुसऱ्यांनी टाकाव्यात आणि लग्नही दुसऱ्याचेच लागावे, असा हा प्रकार.

2017 चा कायदाही आम्ही डोक्यावर घेऊन नाचणार नाही. 10 आरची अट हा त्याच जुन्या गजाचा तुकडा आहे. वाट्याने रान करणारा आणि सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई त्यात बसत नाहीत. आमचे म्हणणे असे की मत सातबाऱ्यावर नको, हिशोबपट्टीवर द्या. ज्याने समितीत माल विकला तो मतदार. आडत्याकडे प्रत्येक पट्टीची नोंद असते, यादी करायला नवी मोजणी लागत नाही.

तेव्हा येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने थेट मताचा ठराव घ्यावा आणि त्याची प्रत तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे पोच घेऊन द्यावी. घरातली बाई बाजारात माल घेऊन जात असेल तर पट्टी तिच्या नावाने फाडून घ्या. आडत्या कुरकुर करील, करू द्या. पट्ट्या जपून ठेवा आणि पुढच्या जिल्हा बैठकीला येताना बरोबर आणा.