लाल टिकल्या

माझी पहिली नोकरी चित्रांच्या गॅलरीत होती, असं सांगितलं की समोरचा माणूस एकदम आदराने पाहू लागतो. त्याला वाटतं, काय भाग्यवान! दिवसभर चित्रं पाहत बसला असेल. वाचकहो, गॅलरीतल्या नोकराला चित्रं पाहायला सवड नसते. तो माणसं पाहतो.

साल १९७४. फोर्टातली एक लहानशी खाजगी गॅलरी. नाव सांगत नाही. मालक चहा चांगला पाजत असत. पगार दरमहा १८० रुपये. काळ्या घोड्याला बसमधून उतरायचं. घोडा १९६५ सालीच उचलून राणीच्या बागेत नेलेला, पण कंडक्टर नाव काळा घोड्याचंच घ्यायचा. घोड्यावरच्या सातव्या एडवर्डची आठवण मात्र कुणालाच नव्हती! समोर जहांगीर आर्ट गॅलरी. बाळासाहेब खेरांनी १९५२ साली तिचं उद्घाटन केलं, तेव्हापासून आपली चित्रं तिथे लागावीत ही चित्रकारांची आस. तिथली तारीख मिळेपर्यंत ज्यांना धीर धरवत नसे, ते आमच्याकडे येत.

चित्र टांगायला मला मामांनी शिकवलं. मामा म्हणजे आमचे शिपाई, रत्नागिरीकडचे. चित्रांच्या वरच्या कडा एका रेषेत लावल्या तर भिंत वाण्याच्या फळीसारखी दिसते, असं त्यांचं मत. ते सुतळी ताणून प्रत्येक चित्राचा मध्य माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर आणत, चार पावलं मागे सरत आणि एक डोळा मिटून म्हणत, "उजवी बाजू वायच खाली घे." सगळ्यांत चांगलं चित्र दारासमोर लावायचं नाही, लोक तेवढंच पाहून परततात. ते शेवटच्या भिंतीवर. मामा चौथी शिकलेले होते.

विकल्या गेलेल्या चित्राखाली लाल टिकली चिकटवतात, हे आपण पाहिलंच असेल. आमच्या मालकांची रीत अशी, की उद्घाटनाला पाहुणे यायच्या आधीच तीन टिकल्या लावून टाकायच्या. "पंगतीत पहिलं कुणी बसत नाही रे," ते म्हणत. लावायचं काम माझं.

एकदा कोल्हापूरहून एक ड्रॉइंग मास्तर आले. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या गावचा माणूस, तेव्हा हात चांगला असणारच. २७ जलरंग. हॉलच्या भाड्यासाठी शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढलेलं. उद्घाटनाच्या संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर ते माझ्या टेबलाशी आले. चेहरा नुसता फुललेला.

"तिन्हींचे मिळून कमिशन वजा जाता किती होतील हो?"

आणि खिशातून पोस्टकार्ड काढून तिथेच लिहायला बसले. वर 'सौ.'पर्यंत मजकूर आलाही.

मी मामांकडे पाहिलं. नोकरीला अवघे तीन महिने झालेले. घरी मी एकटाच मिळवता. मामा झाडू टेकवून हळूच म्हणाले, "सांग. पत्र पेटीत पडायच्या आत सांग."

मी सांगितलं.

मास्तर बराच वेळ बोलले नाहीत. मग उठून पंचगंगेच्या घाटाच्या चित्रापाशी गेले आणि नखाने त्याची टिकली काढली. "हे आईला आवडतं. यावर खोटी नको. बाकीच्या दोन राहू देत, तुमची नोकरी आहे." पोस्टकार्ड त्यांनी फाडलं नाही. 'सौ.'च्या खाली लिहिलं, 'सुखरूप पोचलो. गर्दी बरी होती.'

आठवड्यात एकच चित्र गेलं. शेवटच्या भिंतीवरचं, ओल्या रस्त्याचं. एका पारशी बाईंनी ते घेतलं, घासाघीस न करता. ती टिकली मामांनी स्वतः लावली. उरलेली २६ चित्रं आम्ही वर्तमानपत्रांत गुंडाळली आणि कोल्हापूरच्या गाडीसाठी व्ही.टी.वर पोचवली. फलाटावर मास्तरांनी मामांना वाकून नमस्कार केला, तेव्हा मामा इतके संकोचले की पाण्याचा बहाणा करून नळाकडेच निघून गेले.

तिसरी टिकली कुठे गेली, हे मालकांनी विचारलं. मी होतं तसं सांगितलं. ते काही बोलले नाहीत; पण पुढच्या प्रदर्शनापासून टिकल्यांचं पाकीट त्यांनी स्वतःच्या खणात ठेवलं, आणि उद्घाटनाला मला सरबताच्या ट्रेवर नेमलं.