घड्याळाची फितुरी

तांत्रिक मानकांचे मसुदे हेही इतिहासाचे अस्सल साधन आहे, असे माझे ठाम मत आहे. पुरावा म्हणून मे १९९२ चा आरएफसी १३२३ घ्या. संदेशाच्या जाण्यायेण्याचा वेळ मोजता यावा, म्हणून पॅकेटवर यंत्राच्या घड्याळाचा आकडा उमटवण्याची सोय त्याने दिली. लिनक्सने ती मुळातच चालू ठेवली. ‘टॉर’ तेव्हा जन्मलेही नव्हते.

२००६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या स्टीव्हन मर्डॉक यांनी प्रायोगिक टॉर जाळ्यावर एका गुप्त सेवेवर मुद्दाम कामाचा भार टाकला. प्रोसेसर तापला, त्या उष्णतेने घड्याळाचा स्फटिक किंचित ऊन झाला आणि त्याची गती सूक्ष्मशी ढळली. मग संशयित यंत्रांशी उघडपणे जोडणी करायची आणि कोणाचे घड्याळ त्याच लयीत ढळते, एवढेच पाहायचे. (फितूर निघाला तोही गारगोटीच्या कुळातला!)

याचा दोष सर्व्हर चालवणाऱ्याच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. त्याने ती सोय मागितली नव्हती. ती चालू आहे, याची अनेकांना कल्पनाही नसते. जबाबदारी मूळ मांडणी ठरवणाऱ्यांची आहे. २०१७ च्या लिनक्स ४.१० पासून प्रत्येक जोडणीच्या आकड्यात यादृच्छिक भर पडू लागली खरी; पण एकाच लांबलेल्या जोडणीत घड्याळाची चाल त्यानंतरही वाचता येते.