पुराआधी नाव काठावर हवी

भीमा आणि मांजरा या दोन्ही नद्या महाराष्ट्रातून कर्नाटकात उतरतात आणि आपला पूरही सोबत आणतात. ऑक्टोबर 2020 मध्ये उजनी व वीर धरणांचे आणि सीना नदीचे पाणी एकाच सुमारास खाली आले, तेव्हा कलबुर्गी जिल्ह्यातील अफजलपूर, जेवर्गी, चित्तापूर या तालुक्यांतील गावांना पाण्याने वेढले. ऑगस्ट 2025 मध्ये बीदरच्या भालकी-औराद भागात पावसाने आणि मांजरेने हाहाकार उडवला. पाठोपाठ सप्टेंबरअखेर सीना-भीमेच्या पुराने सोलापूर आणि कलबुर्गी दोन्ही जिल्ह्यांना झोडपले. पूर ओसरला की पंचनामे होतात, हवाई पाहण्या होतात, भरपाईच्या घोषणा होतात. पण पाणी उंबऱ्याला लागलेले असताना, त्या पहिल्या तासात माणसे काढायला नाव कुठे आहे, हे कोणी सांगत नाही. पुढचा पावसाळा येण्याआधी या प्रश्नाचे उत्तर मिळालेच पाहिजे.

आजची व्यवस्था काय आहे? 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरण असते आणि त्याची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. अग्निशमन दल आणि राज्याचे आपत्ती दल मदतीला येते. संकट वाढले की राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल बोलावले जाते. या दलाची कर्नाटकासाठीची दहावी बटालियन विजयवाड्याजवळ आहे, तर महाराष्ट्राची पाचवी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला. या जवानांच्या धैर्याबद्दल शंका नाही. 2020 मध्ये त्यांनी आणि लष्कराने केलेले काम काठावरचे लोक विसरलेले नाहीत. पावसाळ्यात त्यांच्या काही तुकड्या आधीच राज्यात आणून ठेवतात, हेही खरे. तरीही अनोळखी नदीवर पोचलेल्या पथकाला बुडालेला बंधारा कुठे आहे, उसाचा फड कुठे सुरू होतो, तारेचे कुंपण कुठे आहे, हे काठावरच्या माणसालाच विचारावे लागते. रबरी बोटीला बाभळीचा एक काटा पुरतो, इंजिनाच्या पंख्यात वाहून आलेला ऊस अडकतो. ही माहिती नकाशावर नसते. ती कोळ्याच्या आणि भोयाच्या डोक्यात असते.

म्हणूनच आमचे म्हणणे स्पष्ट आहे. भीमा, कागिणा आणि मांजरा या नद्यांच्या काठी कायमची बचाव-नौका ठाणी उभारा आणि ती चालवायला काठावरच्या नावाड्यांनाच घ्या. कलबुर्गी जिल्ह्यात कोळी-कब्बलिग समाज मोठा आहे. बाराव्या शतकातील वचनकार अंबिगर चौडय्या हे या समाजाचे दैवत. व्यवसायाने ते नावाडी, आणि बसवण्णांच्या शरणांत त्यांचे मानाचे स्थान. ज्या कल्याणात ही शरण चळवळ बहरली, ते आजचे बसवकल्याण बीदर जिल्ह्यातच आहे. दर 21 जानेवारीला चौडय्यांची जयंती सरकारी पातळीवर साजरी होते. चौडय्यांच्या वारसांना हारांइतकीच जीवरक्षक जॅकेटे, विमा आणि मानधन देणे, हा त्या जयंतीचा खरा मान ठरेल.

नुसत्या धाडसावर भिस्त ठेवली की काय होते, हे आपण पाहिले आहे. 8 ऑगस्ट 2019 रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोटच उलटली आणि डझनभराहून अधिक जीव गेले. बोट गावातलीच, माणसेही गावातलीच. पण बोटीत क्षमतेपेक्षा अधिक लोक आणि अंगावर जॅकेटे नाहीत. 21 मे 2024 रोजी याच भीमेवर, उजनीच्या जलाशयात, कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. तेव्हा पूरही नव्हता. याच्या उलट उदाहरण 2018 च्या केरळ पुराचे. तिथल्या मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवून शहरांत आणि गावांत नेल्या आणि हजारोंना वाचवले. कौशल्य तेव्हाच कामी येते जेव्हा त्याच्यामागे साधन असते आणि शिस्त असते.

ही शिस्त कशी रुजते हे ब्रिटनच्या किनाऱ्यावर दिसते. 1824 मध्ये स्थापन झालेली तिथली लाइफबोट संस्था आजही प्रामुख्याने देणग्यांवर चालते. तिच्या नौकांवरचे बहुतेक लोक स्वयंसेवक: कोणी मच्छीमार, कोणी शिक्षक, कोणी दुकानदार. हाक आली की हातातले काम टाकून ते धावतात. परत आल्यावर, रात्र कितीही झालेली असो, नौका गोड्या पाण्याने धुतात, टाकी भरतात, दोर जागेवर लावतात आणि मगच घरी जातात, कारण पुढची हाक कधीही येऊ शकते. या संस्थेची ठाणी फक्त समुद्राकाठी नाहीत. 1989 मध्ये लंडनच्या थेम्स नदीत मार्चिओनेस ही सहलीची नौका बुडून 51 जण दगावले. त्यानंतर 2002 मध्ये नदीवर बचाव ठाणी सुरू झाली. लंडनला एवढ्या मृत्यूंनंतर जाग आली. आपणही तहान लागल्यावरच विहीर खणणार आहोत का?

सुरुवात गाणगापूरपासून व्हावी. भीमा-अमरजा संगमावर सोलापूर, लातूर, धाराशिवहून बारा महिने भाविक येतात. स्नान करतात, दुपारी माधुकरी मागतात. दत्तजयंतीला आणि गुरुप्रतिपदेला घाटावर पाय ठेवायला जागा नसते. तिथले ठाणे पुरापुरते नव्हे, वर्षभर कामाला येईल. दुसरे सोन्न बंधाऱ्यापाशी, तिसरे कागिणेकाठी मळखेडला, चौथे भालकी-कमलनगर पट्ट्यात मांजरेवर. प्रत्येक ठाण्यात दोन बोटी, सुटे इंजिन, वायरलेस, जॅकेटे आणि पाळीने हजर राहणारे प्रशिक्षित लोक असावेत. पावसाळ्याआधी दर महिन्याला सराव व्हावा. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेतून 350 जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक घडवायचे ठरले होते. अशा प्रशिक्षणात नावाड्यांना आधी जागा द्या.

दुसरी गोष्ट सीमेची. जून 2021 मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील आणि कर्नाटकचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांची पूर समन्वयासाठी बेंगळुरूत बैठक झाली. पण धरणातून किती पाणी सोडले हा आकडा मंत्रालयात पोचून भागत नाही. तो गाणगापूरच्या घाटावर आणि औरादच्या वाडीवर, मराठीत आणि कन्नडमध्ये, वेळेत पोचला पाहिजे. महाराष्ट्राच्या मुखेड तालुक्यात हसनाळला ऑगस्ट 2025 मध्ये रात्रीत पाणी शिरले आणि माणसे गेली. तिथून औराद दूर नाही. एका राज्याची बोट दुसऱ्या राज्याच्या काठावर जायला परवानगीची वाट पाहू लागली, तर त्या वाटेतच माणूस बुडेल.

दोन्ही सरकारांना, कलबुर्गी, बीदर, सोलापूर आणि लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना आमची मागणी आहे: पावसाळ्याआधी ठाण्यांच्या जागा ठरवा, माणसे निवडा, पैसे मंजूर करा. आणि काठावरच्या वाचकांनो, आपल्या ग्रामपंचायतीच्या पुढच्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा: आपल्या गावासाठी बोट कुठून येणार, आणि किती वेळात? उत्तर मिळेपर्यंत सभा उठू देऊ नका.