माळीवाडा स्टँडवरचे दोन तास

नगरच्या माळीवाडा स्टँडवर पुढच्या गाडीला दोन तास असले की आपण चहा घेतो, मोबाइल काढतो. मीही वर्षानुवर्षे तेच केलं; आणि वर्गात मौलाना आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’विषयी बोलत राहिलो! त्यातला चहा, त्यातल्या चिमण्या, सारं रिक्षाने जाता येईल अशा भुईकोट किल्ल्यातलं. ऑगस्ट १९४२ पासून मौलाना तिथे कैदेत होते. १९४३ मध्ये बेगम झुलेखांचा इंतकाल झाला तेव्हाही. नेहरूंचं पुस्तक सगळ्यांना आठवतं, हे आपल्या उर्दू शाळेतल्या मुलांनाही ठाऊक नसतं. किल्ला लष्कराकडे आहे, ओळखपत्र जवळ ठेवा. वाटलं तर दमडी मशीदही पाहा. मुलाला घेऊन गेलो तेव्हा आमची गाडी चुकली. पुढची तासाभराने मिळाली.