परमुलखातील ओवी

असोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. घरकाम आणि शेतीकाम करता करता त्यांनी गाणी रचली. माणसाने सोबत नेण्याजोगे धन कोणते, याचे उत्तर त्यांतच आहे.

पोटापाण्यासाठी खान्देशातील असंख्य कुटुंबे सुरतेस स्थायिक झाली. तेथेही श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोट होतात आणि अहिराणी गाण्यांनी रात्र जागते.

गाव सोडून मुलाकडे राहावयास गेलेल्या वृद्ध माता पुष्कळदा निद्रानाशाची, जीव घाबरा होण्याची तक्रार सांगतात. तपासण्यांत दोष आढळला नाही, तर एकाकीपणाचाही विचार करावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सामाजिक संबंधांविषयी स्वतंत्र आयोग नेमला, इतका हा विषय गंभीर आहे. समूहात गाताना उच्छ्वास लांबतो, मन निवते. शिवाय पुढची ओळ फक्त आजीलाच ठाऊक असते, तेव्हा घराला तिची गरज भासते.

म्हणून आजीला औषधाची आठवण द्याल, तसे एखादे गाणेही विचारा. नातवंडांना ते शिकवू द्या. मात्र उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर विलंब न करता डॉक्टरांना भेटा. गाणे उपचारांची जागा घेत नाही. सोबत मात्र निश्चित करते.